दात म्हणजे कढई नव्हे

चाळिशी उलटली तेव्हाची गोष्ट. माठातल्या पाण्याचा घोट घेतला आणि डावीकडच्या वरच्या सुळ्यातून अशी कळ गेली की ग्लास खाली ठेवावा लागला. आरशासमोर जाऊन त्या दातावरून नख फिरवलं. हिरडीला लागून, अगदी मुळाशी, नख अडकलं. एक खाच. मागच्या दोन दातांनाही तशाच खाचा. कीड लागली म्हणून घाबरून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुर्ची आडवी केली, दिवा तोंडावर ओढला, पाचेक सेकंद पाहिलं आणि विचारलं, "उजव्या हाताने ब्रश करता ना? आणि ब्रश हार्ड?"

दोन्ही बरोबर. कीड नव्हतीच. त्या खाचा मीच पाडल्या होत्या, रोज सकाळी थोड्या थोड्या, वीसेक वर्षं. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्याचा जोर डावीकडच्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या दातांवर सगळ्यात जास्त पडतो, म्हणून खाचाही बहुधा तिथेच सापडतात. डावखुऱ्या माणसाला त्या उजवीकडे मिळतील. पुढचा धक्का वेगळाच होता. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घालून खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवली. तिथे पिवळट कीटण बसलं होतं, नळाच्या तोंडाशी क्षार साचतात तसं. म्हणजे जिथे जोर नको तिथे दात झिजवला आणि जिथे ब्रश जायला हवा तिथे तो वीस वर्षांत कधी पोचलाच नाही.

थोडा दोष आपल्या क्रियापदाचाही आहे. आपण भांडी घासतो, फरशी घासतो आणि दातही घासतो. हात ते ऐकतो आणि कामाला लागतो, करपलेल्या कढईवर चालतो तसाच. पण दातावर जो थर बसतो तो करपलेला नसतो, मऊ असतो. सकाळी उठल्यावर दातावर नख ओढून बघा, पांढरट साय निघेल. ती जिवाणूंची वस्ती. डॉक्टर तिला प्लाक म्हणतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि आम्लाने दात किडतो. हिरडीच्या काठाशी ही साय तशीच राहिली तर हिरडी सुजते, आणि काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तिचं दगडासारखं कीटण बनतं. मग ते ब्रशने निघत नाही, कितीही घासा. साय मऊ आहे तोवर मात्र ती हलक्या हातानेही निघते. ब्रश तिच्यापर्यंत पोचला की झालं.

मला हे सगळं उशिरा आणि उलट्या क्रमाने शिकावं लागलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सुलट्या क्रमाने लिहितो.

आधी बघा, ब्रश कुठे पोचत नाही

रविवारी संध्याकाळी, बाहेर जायचं नसेल तेव्हा हे करा. नेहमीसारखे दात घासा, प्रामाणिकपणे, जास्त नाही नि कमी नाही. ओठांना थोडं तूप किंवा व्हॅसलीन लावा, नाहीतर सोमवारी ऑफिसात लाल ओठांनी जावं लागेल. मग दोन चमचे पाण्यात खायच्या लाल रंगाचे दोन-तीन थेंब टाकून ते अर्धा मिनिट तोंडात फिरवा, थुंका, साध्या पाण्याने एकदा हलकी चूळ भरा आणि मोबाइलच्या टॉर्चने तोंडात बघा. साय राहिली असेल तिथे रंग चिकटलेला दिसेल.

बहुतेकांना तो ठरावीक ठिकाणीच दिसतो. हिरडीचा काठ, दोन दातांमधली फट, शेवटच्या दाढेची मागची बाजू, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. शेवटच्या दोन जागांना एक जादा कारणही आहे. लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात, त्यामुळे क्षारांचा पुरवठा चालू असतो आणि कीटण तिथे लवकर धरतं. दाताच्या पुढच्या मोठ्या पांढऱ्या भागावर, जिथे आपण सगळ्यात जास्त मेहनत घेतो, तिथे बहुधा काहीच रंग नसतो.

याचा एक फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा करून बघायचं आहे.

दुकानात

ब्रश सॉफ्ट घ्या. मीडियम नको, हार्ड तर नकोच. तो अजून का विकतात, हेच मला कोडं आहे. डोकं लहान असलेला घ्या, म्हणजे शेवटच्या दाढेमागे वळतो. बाकी वाकडी दांडी, रबरी ठिपके, तीन रंगांचे केस हा सगळा पाकिटाचा थाट. इलेक्ट्रिक ब्रश चांगलाच. हाताला कंप असेल, संधिवात असेल, तर फारच चांगला. फक्त तो दातावर नुसता टेकवून पुढे सरकवायचा असतो, वर आणखी हाताने घासायचं नसतं.

जाता जाता सांगतो, नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश 1938 साली अमेरिकेत आला. त्याआधी ब्रशला डुकराचे केस असत. आपल्याकडच्या आजोबांच्या पिढीत ब्रशबद्दल नाराजी होती ती अगदीच निराधार नव्हती.

पेस्टमध्ये एकच गोष्ट शोधायची, फ्लुओराइड. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत सोडियम फ्लुओराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या नियमांनुसार पेस्टमध्ये फ्लुओराइडचं प्रमाण जास्तीत जास्त 1000 पीपीएम, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. दातातून निघून गेलेले क्षार परत बसवायला ते मदत करतं, आणि नव्याने बसलेला थर आम्लाला जरा जास्त टक्कर देतो. कडुनिंब, लवंग, मीठ, वज्रदंती यांतलं काय काय आहे ते तुमच्या आवडीवर. फक्त वनस्पतींची लांबलचक यादी असलेल्या कित्येक पेस्टमध्ये फ्लुओराइड नसतं, म्हणून मागची बाजू वाचायचीच. ट्यूबच्या तळाशी हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे निव्वळ रसायन, असा निरोप तुमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर आला असेल. ती पट्टी यंत्रासाठी असते. ट्यूब कुठे कापायची आणि बंद करायची, ते मशीनचा सेन्सर त्या खुणेवरून ओळखतो.

पेस्ट किती? जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात, तेवढी कंपनीला लागते. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी भरपूर झाली.

राहिलं मंजन. आमच्या लहानपणी गावी राखुंडी असायची, गोवरीची राख किंवा कोळसा कुटून त्यात मीठ. तर्जनीने घासायची आणि काळं तोंड एकमेकांना दाखवायचं. मजा यायची, पण भरड पूड दाताचं आवरण झिजवते आणि बोट दातांच्या फटीत जात नाही. दाताचं आवरण म्हणजे इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळतं, झिजलेलं इनॅमल पुन्हा वाढत नाही. लिंबू आणि खायचा सोडा चोळून दात पांढरे करण्याचा व्हिडिओ बघितला असेल तर त्यातलं लिंबू सरबतासाठी ठेवा. आणि हल्ली तीच राखुंडी 'ॲक्टिव्हेटेड चारकोल' या नावाने देखण्या डबीत परत आली आहे. डबी बदलली म्हणून पुडीला तोंडात घेऊ नका.

केव्हा

सकाळी आपण सगळेच करतो. "तोंड धुतल्याशिवाय चहा नाही" हा नियम घराघरांत अजून टिकून आहे, आणि तो मोडायचं काही कारण नाही. प्रश्न रात्रीचा आहे. दोनांपैकी एकदाच ब्रश करणार असाल तर रात्री करा, असं मी म्हणालो की घरात सगळे हसतात. पण झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि लाळ ही तोंडाची मोलकरीण. ती आम्ल पातळ करते, क्षार परत देते. ती रजेवर असताना सहा-सात तास दातांच्या फटीत भात आणि श्रीखंड ठेवून झोपायचं, हा व्यवहार तोट्याचा.

रात्री ब्रश राहतो त्याचं खरं कारण आळस आहे, आणि त्यावर माझा उपाय साधा आहे. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासाने, भांडी आवरली की लगेच ब्रश करून टाकायचा. झोपायच्या वेळेची वाट बघायची नाही. तेव्हा डोळे मिटत असतात आणि ब्रश उद्यावर जातो. एकदा ब्रश झाला की पुढे फक्त पाणी. मुखवास नाही, रात्रीचं गोड दूध नाही. याचा एक फायदा असा झाला की दहा वाजता फ्रिज उघडून बर्फी शोधायची माझी सवय गेली. पुन्हा ब्रश करायचा कंटाळा येतो.

आंबट खाल्ल्यावर मात्र लगेच ब्रश नको. कैरी, चिंच, लिंबू पिळलेले पोहे, कोकम सरबत, शीतपेय यांनंतर दात आंबतात तो आवरण हळवं झाल्याचा निरोपच समजा. तोंडातला सामू, म्हणजे पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. लिंबाच्या रसाचा सामू तर 2 ते 2.5 च्या आसपास असतो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा. लाळ तेवढ्यात बरीच डागडुजी करते.

याच हिशेबात आपला चहाही येतो. साखर किती यापेक्षा किती वेळा हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक गोड घोटानंतर तोंडात पुढचा अर्धा तास तरी आम्लाचं राज्य असतं. दिवसात सहा वेळा दोन चमचे साखरेचा अर्धा कप घेणाऱ्याचे दात, जेवणाबरोबर एकदाच दोन पुरणपोळ्या हाणणाऱ्यापेक्षा जास्त संकटात असतात. मला हे कळल्यावर पुरणपोळीबद्दल फार बरं वाटलं.

हाताची गोष्ट

आता मुख्य काम. याला आठवडाभर चुकत-माकत सराव लागतो, तेव्हा सुरुवात रात्रीच्या ब्रशने करा. सकाळी घाई असते आणि हात जुन्या वळणावर जातो.

ब्रश मुठीत धरू नका. पेन धरतो तसा बोटांच्या टोकात धरा. मुठीत खांद्याचा जोर येतो, बोटांत तो येऊच शकत नाही. जोर किती असावा याचा अंदाज हवा असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि कोरडा ब्रश त्यावर नेहमीच्या जोराने दाबा. दीडशे ते दोनशे ग्रॅमपर्यंत ठीक. मी दाबला तेव्हा काटा अर्ध्या किलोच्या पुढे गेला. बायको म्हणाली, "एवढ्या जोरात तू कधी कुकर घासला नाहीस."

ब्रशचे केस हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर तिरके टेकवायचे, 45 अंशांत, हिरडीकडे तोंड करून. भिंत आणि फरशी जिथे मिळते त्या कोपऱ्यातला केर काढताना केरसुणी कशी तिरकी धरतो? तसंच. केर कोपऱ्यातच साचतो. केस अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर. आता ब्रश न सरकवता जागच्या जागी बारीक थरथरवा, दहा-पंधरा वेळा. बाहेरून बघणाऱ्याला हात हललेलाही फारसा दिसू नये. मग मनगट वळवून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एक झाडू मारा, म्हणजे वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. झालं. पुढचे दोन-तीन दात घ्या.

ही पद्धत चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते. ते न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात वैद्यकशाखेचे डीन होते. गंमत अशी की ते दंतवैद्य नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली साय तपासत ते या पद्धतीपर्यंत पोचले. ब्रशचे केस मऊ हवेत आणि दातांमध्ये दोरा फिरवायला हवा, हा आग्रहही त्यांचाच.

क्रम ठरवून घ्या, नाहीतर तेच दात चारदा होतात. मी खालच्या दातांच्या आतल्या बाजूपासून सुरू करतो, कारण तिथलं कीटण मी विसरलेलो नाही. पुढच्या दातांच्या आत आडवा ब्रश मावत नाही. तो उभा करा आणि टोकाकडचे केस वापरा, एकेक दात. मग वरची आतली बाजू, मग बाहेरच्या बाजू. वरच्या शेवटच्या दाढेला गालाकडून पोचायचं असेल तर तोंड मोठं उघडू नका. उघडलं की गाल ताणला जातो आणि जबड्याचं हाड मध्ये येतं. तोंड अर्धवट मिटा, खालचा जबडा त्याच बाजूला जरा सरकवा, ब्रशला वाट मिळते. ही एक युक्ती मला कुणी वीस वर्षांपूर्वी सांगितली असती तर एक दाढ वाचली असती. चावायच्या पृष्ठभागावर मात्र हलकं मागे-पुढे चालतं. तिथल्या खोबणींत अन्न अडकतं.

सगळ्याला दोन मिनिटं लागतात. मोबाइलवर टायमर लावून एकदा बघाच. मी लावला तेव्हा माझा नेहमीचा ब्रश पन्नास सेकंदांत आटपत होता आणि मला तो पाच मिनिटांचा वाटायचा. तोंडाचे चार भाग केले तर एकाला अर्धा मिनिट.

शेवटी जीभ. स्टीलची किंवा तांब्याची जीभ घासायची पट्टी जिभेच्या मागून पुढे दोन-तीनदा हलकेच ओढा. तोंडाच्या वासाचं बरंच मूळ जिभेच्या मागच्या भागात असतं. पण घशात बोटं घालून "ऑ... ऑ..." करत अख्ख्या चाळीला उठवायची गरज नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत त्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटायचं नाही. त्याने पित्त पडत नाही, घसा मात्र दुखतो.

चूळ

हा भाग लोकांना सगळ्यात जास्त खटकतो. ब्रश झाल्यावर फेस नीट थुंका, आणि थांबा. खळखळून पाच चुळा भरू नका. ज्या फ्लुओराइडसाठी पेस्ट निवडली ते पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातं. थुंकून जे थोडंसं दातावर राहतं तेच काम करतं. पहिले दोन-तीन दिवस तोंड चिकट वाटतं, मग सवय होते. अगदीच राहवत नसेल तर एक छोटा घोट. माउथवॉश वापरत असाल तर तो ब्रशनंतर लगेच नको, दिवसातल्या दुसऱ्या कुठल्या वेळी.

फटी

ब्रश कितीही छान फिरवा, दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे तो शिरत नाही. तिथे दोरा लागतो, म्हणजे फ्लॉस. औषधाच्या दुकानात मिळतो. हातभर तोडून दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, करवतीसारखा हळू हळू फटीत उतरवा, खटकन हिरडीवर आदळू देऊ नका. आत गेल्यावर एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली करा, मग शेजारच्या दाताला. रोज रात्री एकदा. फटी मोठ्या असतील, वय झालं असेल, तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं तसा दातांच्या फटीचा ब्रश मिळतो; तो वापरायला सोपा.

सेफ्टी पिन, आगकाडी, कानातलं, बिल क्लिप हे सगळं मी लोकांना लग्नाच्या पंगतीनंतर वापरताना पाहिलं आहे. नका वापरू, हिरडी फाटते. लाकडी दातकोरणं अडीनडीला ठीक. पण मटणाचा धागा किंवा पेरूची बी प्रत्येक वेळी एकाच फटीत अडकत असेल तर ती खबर समजा. तिथे कीड असू शकते, किंवा दातात भरलेली जुनी चांदी फुटलेली असू शकते. अशा वेळी फट कोरत बसण्यापेक्षा दाखवून आलेलं बरं.

रक्त आलं तर

येईल. विशेषतः पहिल्या आठवड्यात, कारण ज्या काठाला कधी ब्रश लागला नव्हता तिथे तुम्ही तो लावता आहात. इथेच बहुतेक जण माघार घेतात. "हिरडी नाजूक आहे, तिथे ब्रश नको" म्हणतात, साय आणखी साठते, हिरडी आणखी सुजते, आणखी रक्त येतं.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली छापलेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश पुन्हा सुरू केला आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येणारी हिरडी बहुधा स्वच्छता मागत असते. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, तिथेच जास्त लक्ष द्या. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर आत कीटण आहे असं धरून चाला आणि डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

घरातले बाकीचे

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, ब्रश तेव्हापासूनच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि ट्यूब मुलाच्या हातात नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानेच ब्रश करून द्यावा. मुलाच्या मागे उभं राहून, त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवून केलं की आतलं दिसतं.

एक चूक मात्र अगदी शिकल्या-सवरल्या घरांतही होते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्या जागचं आधी काहीच पडलेलं नसतं, त्यामुळे आई-वडिलांना तीही दुधाचीच वाटते. "पडणारच आहे" म्हणून किडू दिली जाते. ती पडणारी नसते, ती जन्माची असते. मुलाला सहावं लागलं की टॉर्च घेऊन मागे बघा, आणि त्या दाढेवर ब्रश आडवा घालून पोचतो का तेही बघा, कारण ती उगवताना इतर दातांपेक्षा खाली असते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातच फ्लुओराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी पीत राहिलं की कायमच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग येतात. ते डाग मळाचे नसतात, दात तयार होतानाच आत उमटलेले असतात, त्यामुळे मुलाला "नीट घासत नाहीस" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. पाणी उकळून फ्लुओराइड जात नाही. अशा गावात लहान मुलांची पेस्ट कुठली आणि किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि मिश्री. हा विषय टाळून महाराष्ट्रात दातांवर लिहिणं खोटेपणाचं होईल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती हिरड्यांवर लावून बसायचं. माझ्या आजीचा दिवस त्याशिवाय सुरू होत नसे. तव्याच्या त्या वासाने आम्ही पोरं ठसकत उठायचो. तिला विचारलं तर म्हणायची, "दात बळकट राहतात रे." दात अखेरपर्यंत काळे होते आणि मिश्री एक वेळ चुकली की डोकं दुखायचं. ती दात घासत नव्हती, तंबाखू खात होती. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, गरोदरपणी बाळाचं वजन कमी भरतं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारत सरकारने 1992 सालीच बंदी घातली आहे, पण घरच्या तव्यावर कुणाची बंदी चालणार? घरात कुणी मिश्री लावत असेल तर "घाणेरडी सवय" म्हणून टोचू नका. हे व्यसन आहे, ते सोडायला आधार लागतो. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356.

आजी-आजोबांची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवायची. उकळतं पाणी नको, कवळी वाकते.

दाखवायला कधी जायचं

वर्षातून एकदा, काही दुखत नसताना. दुखायला लागल्यावर जाणाऱ्याला दातात आणि खिशात दोन्हीकडे जास्त कोरावं लागतं. कीटण काढल्याने दात सैल होतात ही भीती मलाही होती. आधीच सैल झालेल्या दातांना कीटणाने बांधून ठेवलेलं असतं, ते निघालं की खरी अवस्था कळते, एवढंच. नंतर काही दिवस दात थंड पाण्याला सळसळतात, ते बसतं. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हेही खोटं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. रांग लागते, पण काम कमी पैशात होतं.

दाढ ठणकत असेल तर लवंगेचं तेल कापसावर घेऊन लावलेलं चालतं. त्याने बधिर होतं, बरं होत नाही. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी, तंबाखूची चिमूट, पेट्रोलचा बोळा असले प्रकार करू नका, चामडी भाजते.

ज्या गोष्टींना थांबायचंच नाही त्या अशा: दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आणि हळूहळू कमी उघडणारं तोंड. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्याने तर आजच बघावं.

माझ्या त्या खाचा डॉक्टरांनी दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरून दिल्या. ब्रश धरायची रीत बदलली नाही तर सिमेंटही झिजेल, असं बजावून पाठवलं. लाल रंगाची चाचणी मी पंधरा दिवसांनी पुन्हा केली. खालच्या दातांच्या आत अजून दोन ठिपके होते, हिरडीचा काठ मात्र कोरा. आता ब्रश तीन-साडेतीन महिने टिकतो, पूर्वी महिन्याभरात त्याचे केस शेवंतीच्या फुलासारखे फाकायचे. उभा ठेवतो, उघडा, टोपणाशिवाय, म्हणजे वाळतो. आणि निवृत्त झालेला ब्रश गॅसचे बर्नर, नळाच्या कडा आणि मिक्सरच्या भांड्याची खोबण यांच्यासाठी ओट्याखाली जातो. तिथे हात मोकळा सोडतो, अर्धा किलो म्हणा, एक किलो म्हणा.